हिजाबबंदीच्या विषयावर वादविवादाला उभे राहण्यापूर्वी

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये काही विषय फिरून फिरून येतात. ‘पाश्चात्त्य देशांनी मुस्लिम स्त्रियांच्या पोशाखावर घातलेली बंधने समर्थनीय आहेत’ हा त्यांपैकी एक. विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीत बसताना या विषयावर जितकी आवेशपूर्ण आणि तितकीच पोकळ भाषणे मी ऐकली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही विषयावर ऐकलेली नाहीत. अनुकूल बाजूचा वक्ता ‘स्त्रीमुक्ती’ म्हणतो, प्रतिकूल बाजूचा ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणतो, दोघांनाही टाळ्या मिळतात, आणि दोन्ही भाषणांत मिळून एकही कायदा, एकही शाळा, एकही खटला नावानिशी येत नाही. या विषयाची तयारी कोणत्या क्रमाने करावी, काय पक्के ठाऊक असावे आणि काय टाळावे हे पुढे लिहिले आहे. चिठ्ठीत कोणतीही बाजू निघाली तरी तयारी एकच असते, म्हणून दोन्ही बाजूंचे मुद्दे एकत्रच येतील. जिथे मला स्वतःला मत आहे तिथे मी ते लपवलेले नाही.

पहिले काम वस्त्र ओळखण्याचे आहे. एका विद्यार्थिनीने तयारीसाठी आणलेल्या कात्रणात मथळा ‘बुरखाबंदी’चा होता आणि त्याखालच्या छायाचित्रातील मुलीचा चेहरा पूर्ण उघडा होता, डोक्याला फक्त बारीक फुलांचा रुमाल गुंडाळलेला होता. मराठी बातम्यांत ‘बुरखा’ या एका शब्दाखाली पाच-सहा निरनिराळी वस्त्रे खपून जातात आणि युरोपातील कायदे नेमके त्या वस्त्रांमधील फरकावर उभे असतात. हिजाब म्हणजे केस, कान आणि मान झाकणारा रुमाल. त्यात चेहरा उघडा राहतो. निकाब चेहरा झाकतो, डोळ्यांपुरती फट ठेवतो. युरोपीय लिखाणात ‘बुरखा’ म्हटले की बहुधा अफगाणी पद्धतीचा, डोळ्यांपुढेही जाळी असलेला पोशाख अभिप्रेत असतो. आपण ज्याला बुरखा म्हणतो तो काळा झगा आणि त्यावरचा नकाब त्यांच्या हिशेबात निकाबात मोडतो. अबाया हा खांद्यापासून घोट्यापर्यंत येणारा सैल झगा, जिल्बाब हाही अंगभर येणारा बाहेरचा पोशाख, आणि बुर्किनी हा ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेटी यांनी तयार केलेला पोहण्याचा पोशाख, ज्यात चेहरा, हात आणि पावले उघडी असतात. म्हणजे चेहरा झाकणारी वस्त्रे दोन आणि न झाकणारी चार. भाषणात प्रत्येक वेळी नेमका शब्द वापरा. प्रतिपक्षाने चुकीचा वापरला तर तो तिथल्या तिथे दाखवून द्या, कारण हिजाबाला विरोध करताना दिलेली कारणे जर चेहरा झाकण्याविषयीची असतील तर तो युक्तिवाद पहिल्याच वाक्यात कोसळलेला असतो.

दुसरे काम जागेचे आणि भूमिकेचे. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने ‘फ्रान्समध्ये हिजाबवर बंदी आहे’ असे ठणकावून सांगितले, तेव्हा समोरच्या मुलीने शांतपणे विचारले, ‘कुठे? विद्यापीठात? रस्त्यावर? बसमध्ये?’ तो गडबडला आणि ‘सगळीकडे’ म्हणून बसला, आणि तिथेच फेरी हरला. फ्रान्समध्ये रस्त्यावर हिजाब घालून फिरता येते आणि विद्यापीठातील विद्यार्थिनीही तो घालतात. बंदी आहे ती सरकारी शाळांतील विद्यार्थिनींना आणि शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांना. चेहरा झाकण्याची बंदी हा निराळा कायदा आहे आणि तो सगळ्या सार्वजनिक जागांना लागू आहे. म्हणून कोणतेही उदाहरण वहीत उतरवताना त्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: वस्त्र कोणते, जागा कोणती, ती स्त्री तिथे कोण आहे (विद्यार्थिनी, शिक्षिका, कर्मचारी की नुसती वाटसरू), आणि हुकूम कोणाचा आहे (संसदेचा, महापौराचा, मुख्याध्यापकांचा की मालकाचा). या चार रकान्यांची सवय लागली की अर्धे वाद आपोआप निकालात निघतात, कारण बरेचदा दोन वक्ते दोन वेगळ्या रकान्यांतून एकमेकांवर ओरडत असतात.

तिसरे काम फ्रान्सचा इतिहास नीट वाचण्याचे, आणि यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इतर देशांतील चर्चा या ना त्या प्रकारे फ्रान्सकडे बघूनच झालेली आहे. सुरुवात ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्यापासून करावी. त्याच्या पहिल्या कलमात प्रजासत्ताक सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची आणि उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी देते, आणि दुसऱ्या कलमात ते कोणत्याही पंथाला मान्यता देत नाही, वेतन देत नाही की अनुदान देत नाही. या व्यवस्थेला फ्रेंच ‘लाइसिते’ म्हणतात. मराठीत आपण तिला सरसकट ‘धर्मनिरपेक्षता’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण आपली धर्मनिरपेक्षता सर्व धर्मांना सारखे अंतर आणि सारखा आदर देण्याच्या कल्पनेवर वाढली आहे. मंत्री मंदिरातही जातो, दर्ग्यावरही चादर चढवतो आणि त्यात आपल्याला विसंगती वाटत नाही. लाइसितेत मंत्र्याने पदावर असताना यांतले काहीच करू नये अशी अपेक्षा असते. तेव्हा ‘आमच्याकडे चालते मग तिथे का नाही’ हा प्रश्न भाषणात विचारू नका. परीक्षक जाणकार असेल तर तो पेन खाली ठेवील.

मात्र मूळ लाइसितेत तटस्थतेचे बंधन राज्यावर होते, नागरिकावर नव्हते. शिक्षकाने तटस्थ असावे, विद्यार्थ्याने नाही. सगळ्या वादाची गाठ इथे आहे. १९८९ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेई या गावातल्या माध्यमिक शाळेने रुमाल काढायला नकार देणाऱ्या तीन मुलींना वर्गातून बाहेर ठेवले. शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पाँ यांनी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचे, म्हणजे राज्य परिषदेचे, मत मागितले, आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी परिषदेने सांगितले की विद्यार्थ्यांनी धार्मिक चिन्ह घालणे स्वतःहून लाइसितेशी विसंगत नाही. त्यातून दबाव, चिथावणी, धर्मप्रचार होत असेल किंवा शाळेचे कामकाज बिघडत असेल तर मात्र ते रोखता येईल. त्याच महिन्यात एलिझाबेथ बादांतेर आणि रेजी दब्रे यांच्यासह पाच विचारवंतांनी जाहीर पत्र लिहून सरकारच्या मवाळपणाची तुलना म्युनिकशी, म्हणजे १९३८ साली हिटलरपुढे पत्करलेल्या नमत्या भूमिकेशी, केली होती. एका रुमालासाठी म्युनिक आठवावे हे आपल्याला अतिशयोक्त वाटते. पण फ्रेंच डाव्यांसाठी सरकारी शाळा ही चर्चशी झगडून मिळवलेली जागा आहे हे लक्षात घेतल्याशिवाय तो संताप समजत नाही.

क्रेईचा शेवट मला फार बोलका वाटतो आणि तो सहसा कोणी सांगत नाही. त्या तिघींपैकी दोघी बहिणी मोरोक्कन कुटुंबातील होत्या. मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी मध्यस्थी केली आणि त्यानंतर त्या बहिणी रुमाल काढून वर्गात बसल्या. मुख्याध्यापक, मंत्री, न्यायालय, राजा आणि वडील एवढ्या सगळ्यांनी निर्णय घेतला, आणि त्या दोघींना काय हवे होते ते शेवटपर्यंत नीट ऐकूच आले नाही. प्रतिकूल बाजूने बोलणाऱ्याने हे उदाहरण जरूर घ्यावे. पण सावध राहावे, कारण अनुकूल बाजूला तेच उदाहरण उलट वापरता येते: घरचे पुरुष ठरवतात म्हणूनच तर कायदा हवा, असे म्हणून.

पुढची चौदा-पंधरा वर्षे एकेका शाळेचा निर्णय एकेका मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडला. २००३ साली राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी बर्नार स्तासी यांच्या अध्यक्षतेखाली वीस जणांचा आयोग नेमला. आयोगाने पुष्कळ शिफारशी केल्या. त्यांत ज्यूंचा योम किप्पूर आणि ईद या दिवशी सर्व शाळांना सुट्टी असावी अशीही एक होती. सुट्ट्यांची शिफारस बाजूला पडली आणि बंदीची तेवढी उचलली गेली. लाइसितेचे अभ्यासक इतिहासकार जाँ बोबेरो हे आयोगाचे सदस्य होते आणि बंदीच्या शिफारशीवर ते एकटे तटस्थ राहिले. १५ मार्च २००४ चा कायदा लोकसभेसारख्या तिथल्या खालच्या सभागृहात ४९४ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला होता. सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांनी आपला धर्म ठळकपणे दाखवणारी चिन्हे किंवा पोशाख घालू नये असे तो म्हणतो. त्यात ‘इस्लाम’ हा शब्द नाही. रुमालाप्रमाणेच ज्यूंची किप्पा ही छोटी टोपी आणि मोठ्या आकाराचा क्रूस यांनाही तो लागू होतो, आणि गळ्यातील लहान पदक किंवा लहान क्रूस चालतो. शिस्तभंगाची कारवाई करण्यापूर्वी विद्यार्थ्याशी संवाद साधला पाहिजे अशी अटही त्या कायद्यातच आहे, आणि ती वक्त्यांना क्वचितच ठाऊक असते.

कायदा सर्वांना सारखा असला तरी त्याची झळ कोणाकोणाला लागली ते पाहावे. २००४ च्या अखेरीस पॅरिसजवळच्या बोबिन्यी येथील शाळेतून तीन शीख मुलांना पगडीमुळे काढण्यात आले. त्यांतील एकाचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्याच्या बाजूने मत दिले. भारतीय श्रोत्यांपुढे बोलताना हा मुद्दा फार परिणामकारक ठरतो, कारण हिजाबाविषयी मनात आधीच मत असलेला श्रोता पगडीचे नाव निघताच थबकतो आणि स्वतःचेच मत पुन्हा तपासतो.

अनुकूल बाजूने सर्वांत बळकट मुद्दा याच शालेय कायद्यातून मिळतो, आणि माझे स्वतःचे मतही इथे त्या बाजूकडे थोडे झुकते. शाळेतील मुलगी अल्पवयीन असते, वर्गात तिच्यावर मैत्रिणींचा आणि वस्तीतील मुलांचा दबाव असतो, आणि एकीने रुमाल घातला की न घालणाऱ्या दुसरीला ‘तू कशी’ असे विचारले जाऊ लागते. फ्रान्सच्या उपनगरांतील वस्त्यांमध्ये वाढलेल्या आणि स्वतः मुस्लिम कुटुंबांतून आलेल्या फादेला आमारा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या कायद्याला पाठिंबा दिला तो याच कारणाने. दुसरीकडे क्रिस्तीन देल्फी यांच्यासारख्या जुन्या स्त्रीवादी अभ्यासक विरोधात उभ्या राहिल्या, कारण मुलीचे संरक्षण करण्यासाठी तिलाच शाळेबाहेर काढायचे हे त्यांना पटत नव्हते. ‘स्त्रीवादी म्हणतात’ असे एकवचनी वाक्य म्हणूनच टाळा. दोन्हीकडे स्त्रीवादी आहेत, आणि दोन्हीकडे मुस्लिम स्त्रिया आहेत.

दबावाच्या याच मुद्द्याचा इंग्लंडमधला नमुना जोडीला ठेवावा. लूटनच्या डेनबी हायस्कूलमध्ये बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम होते, मुख्याध्यापिकाही मुस्लिम कुटुंबातील होत्या, आणि पालक व मशिदी यांच्याशी बोलून ठरवलेल्या गणवेशात सलवार-कमीज आणि रुमाल यांची मुभा होती. दोन वर्षे तो गणवेश घालून आलेली एक विद्यार्थिनी सप्टेंबर २००२ मध्ये जिल्बाब घालून आली आणि शाळेने तिला गणवेशात परत यायला सांगितले. अपील न्यायालयात ती जिंकली. २२ मार्च २००६ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल फिरवून शाळेची बाजू घेतली. जिल्बाबला परवानगी दिली तर सलवार-कमीज घालणाऱ्या इतर मुस्लिम मुलींवर दबाव येईल ही शाळेची भीती त्यात महत्त्वाची ठरली. फ्रान्सने सगळ्या देशासाठी एक नियम केला, इंग्लंडने तो शाळेवर सोडला. या एका फरकावर दोन मिनिटे सहज बोलता येते.

आता २०१० चा कायदा. प्रतिकूल बाजूने आपला मुख्य मारा इथे करावा, कारण माझ्या मते या साखळीतील ही सर्वांत कच्ची कडी आहे. ११ ऑक्टोबर २०१० च्या या कायद्याने सार्वजनिक जागेत चेहरा झाकण्यास मनाई केली आणि ११ एप्रिल २०११ पासून तो लागू झाला. दंड १५० युरोपर्यंत, किंवा नागरिकत्वाचे धडे, किंवा दोन्ही. आणि दुसऱ्या कोणाला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्यास एक वर्ष कैद व ३०,००० युरो दंड, पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर दुप्पट. या दुसऱ्या तरतुदीचा उल्लेख अनुकूल बाजूने अवश्य करावा, कारण जबरदस्ती करणाऱ्यालाही कायदा शिक्षा करतो हे श्रोत्यांना माहीत नसते. ‘प्रजासत्ताक उघड्या चेहऱ्याने जगले जाते’ असे त्या वेळच्या सरकारी जाहिरातीचे वाक्य होते. पण सरकारच्याच अंदाजाप्रमाणे २००९ मध्ये संपूर्ण चेहरा झाकणाऱ्या स्त्रिया सुमारे १,९०० होत्या, आणि मार्च २०१० मध्ये राज्य परिषदेने सरसकट बंदीला भक्कम कायदेशीर आधार दिसत नाही असा इशारा दिला होता. तरीही खालच्या सभागृहात ३३५ विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये २४६ विरुद्ध १ अशा मतांनी कायदा पार झाला.

या कायद्याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलेला खटला प्रत्येक वक्त्याने मुळातून वाचावा. पाकिस्तानात जन्मलेली, फ्रेंच नागरिक असलेली तरुणी. ओळख गुप्त राहावी म्हणून खटला ‘एस. ए. एस. विरुद्ध फ्रान्स’ या नावाने चालला. तिने सांगितले की पती किंवा घरचे कोणीही माझ्यावर दबाव आणत नाही, मी निकाब सदासर्वकाळ घालत नाही, आणि बँकेत किंवा विमानतळावर ओळख पटवण्यासाठी तो काढायला माझी तयारी आहे. १ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला; पण कोणत्या कारणाने दिला ते पाहा. सुरक्षिततेचे कारण सरसकट बंदीसाठी पुरेसे नाही म्हणून नाकारले. स्त्री-पुरुष समतेचे कारणही नाकारले, कारण जी गोष्ट स्त्रिया स्वतःचा हक्क म्हणून मागत आहेत ती समतेच्या नावाने राज्याला बंद करता येत नाही. उरले फक्त ‘एकत्र जगणे’: समाजात वावरताना चेहरा दिसणे हा परस्परसंबंधांचा भाग आहे हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. पंधरा न्यायाधीश या बाजूला होते आणि दोघी विरोधात; त्या दोघींनी लिहिले की स्कीइंगला, मोटरसायकलवर आणि कार्निव्हलमध्येही चेहरे झाकलेले असतात आणि माणसांचा संबंध तुटत नाही.

म्हणजे अनुकूल बाजूचा वक्ता ज्या दोन मुद्द्यांवर सर्वाधिक वेळ घालवतो, सुरक्षितता आणि स्त्रीमुक्ती, त्या दोन्ही मुद्द्यांवर फ्रान्सचे सरकार जिंकूनही हरले होते. हे वाक्य प्रतिकूल बाजूने पाठच करून ठेवावे. अनुकूल बाजूने यावर उपाय एकच: ते दोन्ही मुद्दे सोडून ‘एकत्र जगणे’ हाच मुद्दा घ्यावा आणि तो मनापासून मांडावा, कारण तो दिसतो तितका पोकळ नाही. अनोळखी माणसाशी बोलताना आपण चेहऱ्यावरून किती गोष्टी वाचतो हे श्रोत्यांना त्यांच्याच अनुभवातून पटवता येते. प्रतिपक्ष २०२० मधील मुखपट्टीचे उदाहरण देईल, कारण त्या वर्षी फ्रान्सने चेहरा झाकण्याची बंदी कायम असतानाच मुखपट्टी सक्तीची केली. त्याला उत्तर असे की आरोग्यासाठीचा अपवाद त्या कायद्यात पहिल्यापासून होता. प्रतिपक्ष पुण्याच्या रस्त्यांवरील उदाहरणही देईल: उन्हाळ्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ असा गुंडाळतात की गॉगलखेरीज काही दिसत नाही, आणि सिग्नलला शेजारी सख्खी मावसबहीण उभी असली तरी ओळखू येत नाही. हे उदाहरण गमतीचे आहे, पण ते हेतूचा प्रश्न नेमका पुढे आणते: कपडा तोच, झाकलेले तेवढेच, मग कायदा कापडाकडे पाहतो की मनाकडे? २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने याच फ्रेंच कायद्याने दोन स्त्रियांच्या हक्कांचा भंग झाला असे मत दिले, तेही नोंदवून ठेवा. स्ट्रासबर्गचे न्यायालय एक सांगते आणि जिनिव्हाची ही समिती दुसरे, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला फार आवडेल.

बुर्किनीवर फार वेळ घालवू नये, पण एक चित्र जवळ ठेवावे. १४ जुलै २०१६ च्या नीस येथील दहशतवादी हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या सुमारे तीस नगरपालिकांनी तिच्यावर बंदी घातली. कान शहराच्या आदेशात ‘शिष्टाचाराचा आणि लाइसितेचा आदर राखणारा योग्य पोशाख’ नसलेल्यांना समुद्रस्नानास मनाई होती. त्या ऑगस्टमध्ये जगभर छापले गेलेले छायाचित्र असे: खडेवाळूवर बसलेली एक स्त्री, तिच्याभोवती कमरेला पिस्तूल लावलेले चार पोलीस, आणि ती आपला लांब बाह्यांचा निळा अंगरखा डोक्यावरून काढते आहे. २६ ऑगस्टला राज्य परिषदेने व्हिलनव्ह-लुबे या गावाचा आदेश स्थगित केला, कारण सार्वजनिक सुव्यवस्थेला खरा धोका असल्याचे दिसत नव्हते. मुळात लाइसिते समुद्राला लागू कशी होते, असा साधा प्रश्न विचारून पुढे जावे. पण याच परिषदेने जून २०२२ मध्ये ग्रेनोबल शहराच्या तरणतलावात बुर्किनीला दिलेली सवलत अडवली, हेही प्रतिपक्षाला ठाऊक असेल असे गृहीत धरा.

ताजे उदाहरण हवे असेल तर अबाया घ्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल अत्ताल यांनी तो शाळांत बंद केला आणि सप्टेंबरमध्ये राज्य परिषदेने ती बंदी स्थगित करण्यास नकार दिला. मंत्र्यांनी सांगितलेल्या आकड्यांनुसार शाळा उघडली त्या दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या आणि त्यांपैकी ६७ जणींनी तो काढण्यास नकार दिल्याने त्यांना घरी पाठवण्यात आले. इथे फाटकावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रुमाल ओळखू येतो. पण लांब सैल झगा धार्मिक की नुसता फॅशनचा, हे ठरवायचे कसे? दोन मुलींनी एकाच दुकानातून एकच झगा घेतला असेल तर शिक्षक शेवटी मुलीचे नाव आणि तोंडवळा पाहूनच ठरवणार. मला हा आक्षेप निर्णायक वाटतो.

इतर देश मात्र भरभर घ्यावेत. बेल्जियम २०११, ऑस्ट्रिया २०१७ आणि डेन्मार्क २०१८ यांनी चेहरा झाकण्यावर बंदी घातली. नेदरलँड्सने २०१९ पासून फक्त शाळा, रुग्णालये, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहतूक एवढ्यापुरती घातली. स्वित्झर्लंडमध्ये ७ मार्च २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. कॅनडातील क्विबेकच्या २०१९ च्या कायद्याने शिक्षक, पोलीस आणि सरकारी वकील यांना धार्मिक चिन्हे घालण्यास मनाई केली. अमेरिकेत ओघ उलटा आहे: हिजाब घालणाऱ्या इल्हान ओमर निवडून आल्यावर प्रतिनिधिगृहाने १८३७ पासूनचा डोके झाकण्यावरचा नियम २०१९ मध्ये शिथिल केला. जर्मनीवर मात्र जरा थांबा, कारण तिथे वाद विद्यार्थिनीचा नसून शिक्षिकेचा होता. २००३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले की स्पष्ट कायदा असल्याशिवाय शिक्षिकेला रुमालामुळे नाकारता येणार नाही. त्यावर काही राज्यांनी तसे कायदे केले. आणि २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवून प्रत्यक्ष धोका दाखवण्याची अट घातली. फ्रान्सने शिक्षिकेवरचे बंधन विद्यार्थिनीपर्यंत नेले, जर्मनीने ते शिक्षिकेवरूनही सैल केले.

आपल्याकडील वक्ते दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिले म्हणजे कुराणात हिजाब सक्तीचा आहे की नाही यावर भाषणाचा निम्मा वेळ घालवणे. सूरा २४ मधील आयत ३१ आणि सूरा ३३ मधील आयत ५९ यांचे अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळे लावले आहेत आणि स्पर्धेच्या व्यासपीठावर तो प्रश्न सुटणार नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ च्या निकालात हिजाब ही अत्यावश्यक धार्मिक प्रथा आहे का हे तपासले, म्हणून आपल्याला तोच प्रश्न मध्यवर्ती वाटतो. पण त्याच प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात मतभेद झाला आणि न्यायमूर्ती धुलिया यांनी त्या कसोटीची गरजच नाही असे म्हटले. स्ट्रासबर्ग धर्मशास्त्राचा निवाडा सहसा करत नाही; त्या व्यक्तीची श्रद्धा प्रामाणिक आहे ना एवढे पाहून पुढे जाते. दुसरे म्हणजे समाजसुधारक हमीद दलवाईंचे नाव बंदीच्या समर्थनार्थ घेणे. १९६६ मध्ये त्यांनी मुंबईत विधानसभेवर नेलेल्या सात मुस्लिम स्त्रियांच्या मोर्चाची मागणी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविषयीच्या कायद्याची होती. त्यांना फ्रान्सच्या २०१० च्या कायद्याला जुंपू नये.

इराणचे नाव निघाल्याशिवाय हा वाद संपत नाही, म्हणून त्याचीही तयारी असू द्या. तिथे १९३६ मध्ये रेझा शाहने पोलिसांकरवी पडदा काढायला लावला आणि १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने तो सक्तीचा केला. २०२२ मध्ये हिजाबाच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाला तेव्हा ‘बघा, हिजाब काय करतो’ असे एक बाजू म्हणाली आणि ‘बघा, राज्याने कपडे ठरवले की काय होते’ असे दुसरी. मला दुसरे वाचन अधिक अचूक वाटते. फ्रान्सच्या बाबतीत याला आणखी एक जुना पदर आहे: मे १९५८ मध्ये, अल्जेरिया फ्रेंचांच्या ताब्यात असताना, अल्जीयर्सच्या चौकात स्त्रियांचे पडदे जाहीरपणे उतरवण्याचे समारंभ झाले. अल्जेरियन वंशाच्या कुटुंबांत ती आठवण आजी-आजोबांकडून आलेली असते, आणि रुमालाचा प्रश्न निघाला की ती जागी होते.

आदल्या संध्याकाळी बाजू बदलून एकदा पूर्ण फेरी करावी. अनुकूल बाजूच्या विद्यार्थ्याला लूटनची शाळा आणि २००४ चा कायदा याबाहेर जाऊ देऊ नये. प्रतिकूल बाजूच्या विद्यार्थ्याला २०१० चा कायदा, अबाया आणि बुर्किनी द्यावेत, आणि ‘मग शाळेत मुलींवर दबाव येतो त्याचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत द्यायला लावावे. बहुतेकांना ते पहिल्या दिवशी जमत नाही. वहीतील चार रकान्यांचा कागद व्यासपीठावर न्यायला हरकत नाही, मात्र त्यावरून वाचून दाखवू नये.

शेवटची सूचना व्यासपीठावरच्या वागण्याची. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वक्त्याने बोलण्याच्या भरात तिसऱ्या रांगेकडे हात करून ‘या भगिनीला विचारा, ती स्वखुशीने घालते का’ असे म्हटले, आणि सगळे सभागृह वळून बघू लागले. ती मुलगी पुढच्या संघाची वक्ती होती. मांडीवर मुद्द्यांचा कागद होता आणि हातातल्या पेनाचे टोपण ती काढत होती, लावत होती. परीक्षक म्हणून मी त्या वक्त्याचे गुण कापले. सभागृहात बसलेल्या कोणाही मुलीला उदाहरण करू नये, तिचे उत्तर आपल्या सोयीचे असेल असे वाटले तरीही. उदाहरण हवेच असेल तर लूटनच्या विद्यार्थिनीचे घ्यावे किंवा ‘एस. ए. एस.’चे, त्या आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडून बसल्या आहेत आणि ते निकालपत्रांत छापलेले आहे.